रोगाचा माग कसा काढतात?

गावात रोग आला की दोन प्रश्न उठतात. पहिला, "औषध कुठे मिळेल?" आणि दुसरा, "हा रोग आला कुठून?" पहिल्या प्रश्नासाठी आपण डॉक्टरकडे धावतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र पारावर बसल्या बसल्या देऊन मोकळे होतो.

आपल्या मुळशी तालुक्यातले पुष्कळ लोक रोज पुण्याला कामाला जातात. 2025 सालच्या जानेवारीत त्यांनी एक बातमी गावात आणली. पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात काही माणसांचे हातपाय एकाएकी लुळे पडू लागले होते. काहींना श्वासही घेता येईना. या आजाराचे नाव गुइलेन बॅरे सिंड्रोम. लोक त्याला जीबीएस म्हणू लागले.

मग काय! कोणी म्हणाले, "विहिरीच्या पाण्यानं झालं." कोणी म्हणाले, "कोंबडी खाल्ल्यानं झालं." कोणी तर आजाऱ्याच्या घरच्या माणसांपासून लांब बसू लागले. खरे म्हणजे जीबीएस माणसाकडून माणसाला लागत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आजाऱ्यांचे नमुने तपासले गेले. काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला. हा जंतू घाण पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटात जातो. पोट बिघडते. पुढे क्वचित एखाद्याला जीबीएस होतो.

म्हणजे पारावरच्या गप्पा बाजूला ठेवून शास्त्रज्ञांनी जंतूचाच शोध घेतला. आज जंतूला "तू कोण?" असे विचारता येते. "तू कुठून आलास?" असेही विचारता येते. ते कसे, हे आता पाहू.

एका वाडीची गोष्ट

ही पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. धरणाच्या काठच्या एका वाडीत आम्ही शिक्षक होतो. आषाढ महिना होता. भाताच्या आवण्या चालू होत्या. पाऊस असा, की चार दिवस सूर्य दिसला नव्हता. एका रात्रीत सात-आठ घरांत हगवण आणि उलट्या सुरू झाल्या. दोन म्हातारी माणसे गेली. एक लहान मूल गेले. ते मूल आमच्या पहिलीच्या वर्गातले होते.

त्याच महिन्यात एक कुटुंब आवणीच्या मजुरीला बाहेरून वाडीत आले होते. सगळ्यांची बोटे त्यांच्याकडे वळली. "ह्यांनीच पटकी आणली. ह्यांच्या भांड्यानं विहीर नासली." त्यांना विहिरीवर येऊ देईनात. शेवटी नवरा, बायको आणि दोन पोरे डोक्यावर बोचकी घेऊन भर पावसात घाट उतरून निघून गेली.

आम्ही शाळेच्या दारात उभे होतो. आम्ही पाहिले, पण बोललो नाही.

पाऊस ओसरल्यावर विहिरीचा गाळ काढला. तेव्हा दिसले, की एका बाजूचे बांधकाम आतून ढासळले आहे. वरच्या अंगाला उकिरडा होता. त्याच्यापलीकडे लोक परसाकडे जात. ते सगळे पाणी झिरपून विहिरीत उतरत होते.

मग रोग कशाने आला? त्या माणसांनी आणला, की आमच्याच उकिरड्याने? ठाम कोण सांगणार? विहिरीच्या पाण्याचा नमुना कोणी घेतला नव्हता. आजाऱ्यांचाही घेतला नव्हता. ते कुटुंब निर्दोष आहे, असे त्यांना सांगायला कोणी गेले नाही. त्यांच्या माथी डाग राहिला तो राहिलाच.

असा डाग पुसणारी विद्या आज माणसाजवळ आहे.

शत्रू ठाऊक, वाट ठाऊक नाही

जुन्या काळी पटकी आली की लोक मरीआईचा गाडा काढीत. वाजतगाजत तो गावाच्या शिवेवर नेऊन सोडीत. मग पलीकडच्या गावाने तो पुढच्या शिवेवर न्यायचा. रोग एका जागेहून दुसऱ्या जागी जातो, एवढे त्या लोकांनी बरोबर ओळखले होते. तो कशातून जातो, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

प्लेगचेही असेच झाले. 1896 साली मुंबईत प्लेग आला. पुढे तो पुण्यात शिरला. आजाऱ्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या वारल्या. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येरसाँ या शास्त्रज्ञाने 1894 सालीच हाँगकाँग येथे शोधून काढला होता. पण उंदराच्या अंगावरच्या पिसवा तो जंतू माणसापर्यंत आणतात, हे 1898 साली पॉल लुई सिमाँ या डॉक्टरने दाखवले. म्हणजे पुणे होरपळत होते तेव्हा शत्रू ठाऊक होता, पण त्याची वाट ठाऊक नव्हती.

वाट शोधण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते. एकाच जातीचे जंतू वरून सारखेच दिसतात. या घरातला जंतू आणि त्या विहिरीतला जंतू एकाच वंशाचे आहेत की नाहीत, हे ओळखायचे कसे?

चूक सापडली, की चोरी सापडते

हे समजायला शाळेतले उदाहरण घेऊ. आम्ही मुलांना एकदा विचारले, "शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक कोणत्या साली झाला?" चाळीस मुलांपैकी अडतीस मुलांनी 1674 असे लिहिले. यावरून कोणी कोणाचे पाहून लिहिले हे कळेल काय? नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचे सारखेच असणार. पण उरलेल्या दोघांनी 1764 लिहिले. दोघांची चूक अगदी एकसारखी! आम्ही लगेच ओळखले, की एकाने दुसऱ्याचे पाहिले आहे.

जंतूंचा माग काढण्याची विद्या अशीच आहे, बरे का!

प्रत्येक जंतूच्या शरीरात एक अगदी बारीक धागा असतो. त्याला डीएनए म्हणतात. माणसात, भाताच्या रोपात, गाईम्हशीतही तो असतो. जंतूने कसे वाढावे, कसे जगावे, याची सगळी माहिती या धाग्यावर जणू लिहिलेली असते. आपल्या मराठीत पुष्कळ अक्षरे आहेत. या लिपीत फक्त चार अक्षरे आहेत. पण पोथी केवढी मोठी! पटकीच्या जंतूची पोथी सुमारे 40 लाख अक्षरांची आहे.

एका जंतूचे दोन होतात, दोनाचे चार होतात. दर वेळी या सगळ्या पोथीची नक्कल होते. नक्कल करताना कधी तरी एखादे अक्षर चुकते. ती चूक मग त्या जंतूच्या पुढच्या सगळ्या वंशात उतरते. पूर्वी हाताने पोथ्या उतरून घेत, तेव्हा असेच होई. एकाने चुकीचा शब्द लिहिला, की त्याच्या पोथीवरून उतरलेल्या सगळ्या पोथ्यांत तोच चुकीचा शब्द येई.

दोन जंतूंच्या पोथ्यांत त्याच जागी त्याच चुका सापडल्या, तर ते जवळचे भाऊबंद आहेत. चुका फार निराळ्या असतील, तर त्यांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही. चुकांच्या या नमुन्याला आपण जंतूचा ठसा म्हणू. दोन माणसांच्या अंगठ्याचे ठसे जसे जुळवून पाहतात, तसे जंतूंचे ठसे जुळवून पाहतात.

ठसा कसा घेतात?

आजाऱ्याची थुंकी, रक्त, शौच किंवा गाठीतला द्रव घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे जंतूंना खाद्य देऊन वाढवतात. बी पेरून रोप करतो, तसेच हे. पुरेसे जंतू वाढले की त्यांच्यातून डीएनएचा धागा काढतात.

जुन्या रीतीत त्या धाग्यातून लहानमोठे तुकडे मिळवीत. ते खळीसारख्या एका मऊ थरात ठेवून त्यातून वीज सोडीत. जत्रेच्या गर्दीतून लहान पोर चटकन पुढे निसटते आणि डोक्यावर ओझे असलेला माणूस मागे राहतो. तसेच इथे लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. मग थरावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्या म्हणजे जंतूचा ठसा.

नव्या रीतीत यंत्राने पोथीतली जवळजवळ सगळी अक्षरे वाचून काढतात. संगणक दोन पोथ्या शेजारी शेजारी ठेवून कुठे फरक आहे ते दाखवतो.

बीड आणि सुरत, 1994

ही विद्या आपल्या महाराष्ट्राच्या कामी कशी आली ते पाहा.

30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीला मोठा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, 1994 सालच्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात घरांत पिसवा फार झाल्या. उंदीर मरून पडू लागले. मग माणसांना ताप येऊ लागला आणि काखेत, जांघेत गाठी येऊ लागल्या. भूकंपाच्या भीतीने लोक घरे सोडून बाहेर राहिले, धान्य घरात तसेच पडले आणि त्यावर उंदीर माजले, असे जाणकारांनी सांगितले.

सप्टेंबरमध्ये गुजरातेतल्या सुरत शहरात निराळेच चित्र दिसले. तिथे माणसांच्या फुप्फुसांत रोग शिरला होता. ताप, खोकला, थुंकीतून रक्त, आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू. लोकांची दाणादाण उडाली. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने सुरत सोडून गेली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. परदेशांनी आपल्या देशाकडे येणारी विमाने थांबवली, आपला माल नाकारला. कोट्यवधी रुपयांचे नुकसान झाले. देशात पन्नासच्या वर माणसे दगावली.

आणि इतके होऊनही मोठा वाद माजला. काही डॉक्टर म्हणाले, हा प्लेगच आहे. काही म्हणाले, हा प्लेग नव्हेच. तीस-एक वर्षे देशात प्लेगचे नाव ऐकू आले नव्हते. पुष्कळ आजाऱ्यांच्या पोटात नमुना घेण्यापूर्वीच गोळ्या गेल्या होत्या. औषधाने जंतू मरतात. आजाऱ्याच्या दृष्टीने ते चांगलेच. पण मेलेला जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही. मग ठसा कुणाचा घ्यायचा?

तरीही काही ठिकाणचे जंतू हाती लागले. सुरत आणि बीड इथल्या जंतूंच्या डीएनएची तपासणी झाली. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनीही त्यांचे ठसे घेतले आणि 2000 साली निकाल छापला. जंतू प्लेगचाच होता. येरसाँने शोधला तोच. त्याच्या नावावरून त्या जंतूला येर्सिनिया पेस्टिस म्हणतात.

वाद मिटला, पण त्याला वर्षे लागली. पुढच्या वेळी इतका वेळ लागला नाही. 2002 सालच्या फेब्रुवारीत हिमाचल प्रदेशात सिमला जिल्ह्यात तसाच फुप्फुसाचा प्लेग आला. डीएनएच्या तपासणीने तो प्लेग असल्याचे पक्के झाले. त्या वेळी 16 माणसांना रोग झाला आणि 4 दगावली. रोग एवढ्यावर थांबला. सुरतेसारखी पळापळ झाली नाही.

हैती देशातली पटकी

बीड-सुरतेच्या ठशाने रोग कोणता ते सांगितले. तो कुठून आला हेही ठसा सांगू शकतो. त्याचे उदाहरण पाहायला जरा लांब जावे लागेल.

अमेरिका खंडाजवळ समुद्रात हैती नावाचा गरीब देश आहे. 2010 सालच्या जानेवारीत तिथेही मोठा भूकंप झाला. मदतीला जगभरातून माणसे आली. ऑक्टोबरमध्ये तिथल्या आर्टिबोनाइट नदीच्या काठी एकाएकी पटकी सुरू झाली. शंभर वर्षांत त्या देशाने पटकी पाहिली नव्हती. पुढच्या काही वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले. दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली.

तिथेही लोकांनी घाईने दोष दिला. "देवऋषींनी करणी केली," असे म्हणून जमावाने चाळीसहून अधिक माणसे ठार मारली. ती माणसे निरपराध होती.

नदीच्या वरच्या अंगाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या सैनिकांचा एक तळ होता. सैनिक नेपाळहून आले होते. नेपाळात त्या वर्षी पटकीची साथ होती. तळावरची घाण नदीला मिळणाऱ्या ओढ्यात जात होती. मग शास्त्रज्ञांनी नेपाळातले पटकीचे जंतू आणि हैतीतले जंतू घेऊन त्यांच्या पोथ्या वाचल्या. 40 लाख अक्षरांत फरक किती निघाला? नेपाळातल्या काही जंतूंत फक्त एक-दोन अक्षरांचा! चूक जुळली, माग लागला. 2016 सालच्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे प्रमुख बान की मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. यात नेपाळी माणसाच्या जातीचा, देशाचा किंवा धर्माचा दोष नाही. माणूस आजारी पडणे हा गुन्हा नव्हे. माणसांची घाण पिण्याच्या पाण्यात सोडली, हा दोष.

ठसा सगळे सांगत नाही

ठसा म्हणजे काही देवाचा कौल नव्हे. आमच्या त्या दोन मुलांची चूक जुळली खरी. पण कोणी कोणाचे पाहिले? ते त्या 1764 वरून कळले नाही. बाकावर कोण कुठे बसला होता हे विचारले, तेव्हा कळले.

रोगाचेही तसेच आहे. ठसा सांगतो, "हे दोन जंतू एका वंशाचे आहेत." पण पाणी कुठल्या विहिरीचे प्याला, जेवायला कुठे गेला, आधी कोण आजारी पडले, हे माणसांनाच विचारावे लागते. आशाताई वही घेऊन दारात येते आणि हे सगळे विचारते, ते त्यासाठी. आपण लाजून किंवा भिऊन खोटे सांगितले, तर प्रयोगशाळेचे मोठे यंत्रही फसते.

आपण काय करावे?

1. हगवण, उलट्या, ताप अशी दोन-तीन घरांत एकदम सुरुवात झाली, तर लपवू नका. त्याच दिवशी आशाताईला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

2. आजाऱ्याला लगेच जलसंजीवनी द्या आणि दवाखान्यात न्या. नमुन्यासाठी उपचार थांबवू नका. पण दुकानातून मनाने जंतुनाशक गोळ्या आणून घेऊ नका. डॉक्टर नमुना मागतील तेव्हा गोळी घेण्यापूर्वी तो द्या.

3. शौचाचा नमुना द्यायला लाजू नका. आरोग्यसेवक देईल त्याच स्वच्छ डबीत द्या.

4. विहिरीचा किंवा टाकीचा नमुना टीसीएल पावडर टाकण्यापूर्वी घेऊ द्या. मग मात्र पावडर टाकायला वेळ लावू नका. तोवर पाणी उकळून प्या.

5. उंदीर मरून पडू लागले, तर हात लावू नका. ताबडतोब कळवा.

6. ठसा कळेपर्यंत कोणालाही दोष देऊ नका. कळल्यावर माणसाला दूर लोटू नका. घाणीची वाट बंद करा.

शेवटी

त्या पावसाळ्यातले ते कुटुंब आम्हाला अजून आठवते. धाकट्या मुलीच्या डोक्यावर गोणपाटाची खोळ होती. वळणावर तिने एकदा मागे वळून शाळेकडे पाहिले होते.

त्या वेळी एका डबीत विहिरीचे पाणी आणि एका डबीत आजाऱ्याचा नमुना पौडला, तिथून पुढे पुण्याला गेला असता, तर कदाचित खरे कळले असते. ढासळलेली विहीर आधीच सापडली असती. आमच्या वर्गातले ते मूल वाचले नसते, पण आणखी कोणी आजारी पडले नसते. आणि ती चार माणसे भर पावसात घाट उतरली नसती.

आता आपल्याला वाचता येते. गावात रोग आला आणि कोणी कोणाकडे बोट दाखवू लागला, तर आपण विचारावे, "नमुना घेतला का? ठसा काय सांगतो?" आम्ही त्या दिवशी दारात गप्प उभे राहिलो. तुम्ही राहू नका.

चर्चा करा

1. दोन मुलांचे बरोबर उत्तर जुळले तर काही कळत नाही, पण चूक जुळली तर कळते. असे का?

2. सुरतेच्या वेळी प्लेगबद्दल वाद का माजला?

3. आपल्या गावच्या पिण्याच्या पाण्यात घाण कोणत्या वाटेने जाऊ शकते? वर्गातल्या सगळ्यांनी मिळून ती जागा पाहून या.